अस्सल दप्तरात, नक्कल वारसाला

पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात जायला निघाले. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि भिक्षुकांना दक्षिणा मिळणार, अशी बातमी कोकणापर्यंत पोचली होती. यज्ञ राहिला बाजूला, भटजींची गाठ पडली बंडाशी. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच अडकले होते. लढाई संपल्यावर गोऱ्या शिपायांनी शहर लुटले. राजवाड्यातले नावाजलेले पुस्तकालय फोडले आणि पोथ्या बाहेर फेकल्या. ते दिवस भटजींनी स्वतः पाहिले. दक्षिणा वाटेत लुटली गेली, आणि अखेर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले.

या साऱ्याची हकीकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून मोडीत लिहून काढली. मात्र आपल्या हयातीत ती छापायची नाही, असे त्यांनी बजावले. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ साली, भाषेवर आणि मजकुरावर बराच हात फिरवून, प्रसिद्ध केला. मूळ बाड पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले, आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मुळाबरहुकूम मजकूर छापला तेव्हा कुठे भटजींचे स्वतःचे शब्द मराठी वाचकाला दिसले.

विष्णुभटांची ही अट त्या काळाला धरूनच होती. घरातला कागद एकदा सरकारच्या हाती पडला की तो आपला राहत नाही, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. पण कागद घरात दडवून ठेवण्याची सोय भिक्षुकाला होती. पेण-रोह्याच्या वतनदाराला ती नव्हती. त्याचे वतन टिकायचे तर कागद कचेरीत दाखवावाच लागे.

कसले कागद होते हे? पेणचा मुलूख जुन्या कागदांत सांकशी या नावाने येतो. मिठागरे, खारी, भाताची खाचरे आणि मागे सह्याद्रीचा घाट असा हा पट्टा. कुंडलिकेच्या काठचे रोहे-अष्टमी हे घाटाखालच्या वाटेवरचे जुने गाव. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडाकडे जाणारा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच अष्टमीवरून गेला. अशा मुलखात देशमुखी, देशपांडेपण, कुलकर्ण, खोती, जोशीपण अशी वतने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. परगण्याच्या अंमलदारांना कामाच्या मोबदल्यात लावून दिलेली गावे ‘इजाफत’ म्हणून ओळखली जात. कुलाब्याच्या या भागात ती पुष्कळ होती. प्रत्येक हक्कामागे एक कागद असे: कुठे सनद, कुठे भाऊबंदांच्या तंट्यात झालेला निवाडा, कुठे महजर, कुठे नुसते ताकीदपत्र. कोकणच्या पावसात हे कागद जपणे म्हणजे दर वर्षीचे काम. वेळूच्या नळीत, तांब्याच्या डब्यात, चुलीच्या वर धुराच्या जागी, असे ते ठेवले जात. तरीही वाळवीला वाट सापडेच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचे दप्तर कंपनीच्या ताब्यात आले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत या दप्तराची आबाळ झालेली होती. कागद विस्कळीत होते. कंपनीचा कमिशनर एल्फिन्स्टन याने मॅक्लाउड नावाच्या अधिकाऱ्याला ते गोळा करून लावण्याच्या कामी बसवले. या कामामागे इतिहासाची आवड नव्हती. कोणाला किती जमीन माफ आहे, कोणत्या गावाचा वसूल सरकारात येत नाही आणि तो का येत नाही, याचा पत्ता याच कागदांत लागणार होता. पेशव्यांचे दप्तर ही आता सारावसुलीची किल्ली झाली.

पुढची दोन पावले देशावर आणि कोकणात वेगवेगळी पडली. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के हातपाय मिळाले. इनाम खरे की खोटे, हे कमिशनच ठरवी. दिवाणी न्यायालयात दाद मागायची वाट बंद होती. सुमारे ३५ हजार इनामांची चौकशी झाली आणि त्यातली वीस हजारांवर खालसा झाली, असा हिशेब इतिहासकार देतात. १८५७ च्या असंतोषाची कारणे मोजताना या कमिशनचे नाव वरच्या ओळीत येते ते त्यामुळे. कोकणात तुलनेने सौम्य हिशेब होता. तिथे १८२७ च्या सतराव्या रेग्युलेशनचा अंमल होता आणि साठ वर्षांच्या अखंड वहिवाटीला त्यात मान होता. मग १८६३ साली दोन कायदे झाले. देशावरच्या चौकशीच्या मुलखासाठी दुसरा, बाकीच्यांसाठी सातवा. ठरावीक जुडी, म्हणजे इनामावरचा हलका सारा, भरायची तयारी दाखवा, खोल चौकशी करत नाही, असा त्यांचा व्यवहारी सूर होता.

सूर व्यवहारी असला तरी कागद दाखवणे सुटले नाही. साठ वर्षांची वहिवाट म्हटली तरी ती कशावरून? मामलेदार कचेरीत कैफियत लिहून द्यायची, सोबत सनद जोडायची. कलेक्टरच्या कारकुनाने ती ताडून पाहायची आणि पुण्याच्या दप्तरात तिचा मेळ बसतो का ते विचारायचे. १८७४ च्या वतन कायद्याने त्यात आणखी भर घातली. वतनाचा वारस कोण आणि चाकरी करायचा हक्क कोणाचा, हे कलेक्टरच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय पक्के होईना. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर सरकारी देणगीविषयीचा दावा कोर्टात नेण्याआधी कलेक्टरचा दाखला आणायला सांगितले. पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या घरात कर्ता पुरुष गेला, की तेराव्यानंतर वारसाचे पहिले काम कचेरीच्या वाऱ्या करणे हेच असे.

त्याआधीच शेजारी आणखी एक मोठे दप्तर मालकाविना झाले होते. कुलाब्याचे आंग्रे यांचे संस्थान कंपनीने १८४० मध्ये वारस नाही म्हणून खालसा केले. दत्तकाला मंजुरी मिळाली नाही. संस्थान गेले तसे त्याचे दप्तरही गेले. आज ‘आंग्रे दप्तर’ पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. तिथेच ‘जमाव कोकण’ नावाचे रुमालही आहेत आणि त्यांत कोकणातल्या महालांचे हिशेब आहेत. पेशव्यांचे, आंग्र्यांचे, साताऱ्याच्या महाराजांचे आणि इनाम कमिशनचे कागद एका छपराखाली आले. त्या कचेरीचे नाव होते एलिएनेशन ऑफिस. सरकारच्या साऱ्यातून सुटलेल्या जमिनींची कचेरी, असा त्या नावाचा साधा अर्थ. मराठी माणूस मात्र तिला पेशवे दप्तरच म्हणत आला.

इथला कागद जवळून पाहावा असा असतो. चौकोनी कापडाच्या रुमालात जुड्या बांधलेल्या. गाठ सोडली की जुन्या कागदाचा कोरडा वास येतो. कागद बहुधा जुन्नरी किंवा दौलताबादी, घोटून गुळगुळीत केलेला. मजकूर लांबला की दुसरा कागद डिंकाने खाली जोडलेला, आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का, म्हणजे मधला तुकडा कोणी काढून दुसरा चिकटवू नये. बोरूने ओढलेली मोडी, शब्दांमध्ये जागा नाही, काना-मात्रांचा फारसा हिशेब नाही. वर ‘श्री’, शेवटी ‘मोर्तब सुद’. तारीख चांद्रमासाची आणि साल अरबी शब्दांत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२ सुहूर सन, अर्थात इसवी १७७१-७२. हा हिशेब ज्याला येत नाही त्याच्या हाती पणजोबाची सनद दिली तरी ती मुकीच राहणार.

आता या रुमालासमोर वारस येतो. त्याला काय हवे आहे? घराण्याचा अभिमान वगैरे नंतर. त्याच्या भावकीतल्या कोणीतरी गाव वाटून मागितले आहे, किंवा कलेक्टरने जुडी वाढवली आहे, किंवा शेजारच्या खोताने शीव सरकवली आहे. त्याला कोर्टात उभे राहायचे आहे. आणि इथे कायद्याने एक गंमत करून ठेवली होती. १८७२ च्या पुरावा कायद्यात तीस वर्षांवरचा कागद योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा धरायची मुभा होती. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत फी भरून मागायचा हक्कही त्याच कायद्यात होता. घरातल्या माळ्यावरून काढलेल्या सनदेवर समोरचा वकील शंभर शंका काढणार. शाई ताजी आहे, सांधा दुसरा आहे, अक्षर जुळत नाही. पण पुण्याच्या दप्तरातली, दप्तरदाराच्या सहीशिक्क्याची नक्कल आणली की या शंकांना फारशी जागा उरत नाही. म्हणजे आजोबांकडून जो कागद गेला, त्याची नक्कल नातवाला अस्सलापेक्षा जास्त उपयोगाची ठरली. अस्सल दप्तरात राहिला म्हणून नक्कल बळकट झाली.

हे ऐकायला विचित्र वाटते, पण वतनदारांच्या पिढ्यांनी हाच मार्ग पत्करला. अस्सल परत मागायच्या भरीस फारसे कोणी पडले नाही, कारण अस्सल घरी आणले की पुन्हा एकदा ते सिद्ध करणे आलेच. तरीही गमावले ते गमावलेच. देवघरातल्या पेटीतून कागद एकदा गेला की त्याच्याबरोबर त्याची आठवणही जाते. हा कागद कोणत्या सालच्या भांडणात मिळाला, त्यासाठी आजीने कोणते दागिने विकले, हे सांगणारे माणूस गेले की नकलेत ते उतरत नाही.

वरसई गावाचा इतिहास इथे पुन्हा वाटेत येतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली याच वरसईत झाला. एकाच गावात कागद लिहिणारा आणि कागद शोधणारा, असे दोघे निपजले. राजवाड्यांच्या पिढीतल्या अभ्यासकाला पेशवे दप्तराचे दार सहज उघडे नव्हते. तिथे हक्कदाराला नक्कल मिळे, इतिहास लिहिणाऱ्याला नाही. म्हणून राजवाडे घरोघर फिरले. कोणी माळ्यावर चढू देई, कोणी दारातूनच परत पाठवी. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेले कागदही त्यांनी सोडवून आणले. वाईला एरंडे यांच्या घरी मिळालेल्या पत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागे हीच भीती होती की घरात कागद वाळवी खाईल आणि सरकारात गेला तर दिसणार नाही. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्याला वारले. त्यांनी जमवलेले कागद तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात राहिले.

सरकारी दार हळूहळू किलकिले झाले. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतले निवडक उतारे तयार केले, न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्यावर विवेचन केले आणि १९०२ पासून त्याचे नऊ भाग छापले गेले. मग १९२९ नंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले आणि १९३४ पर्यंत ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ खंडांत बाहेर पडले. दप्तर हाती आल्यापासून ते असे सर्वांसमोर यायला शंभरावर वर्षे लागली.

कागद सरकारात गेल्यावर काय होते याचा एक कडू नमुना रायगड जिल्ह्यातच आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ च्या जुलैत पकडले गेले. त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांच्याच खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचले गेले. १८८३ मध्ये फडके एडनला वारले. घरच्यांकडे त्यांच्या हस्ताक्षरातला शब्द परत आला नाही. आज आपण जे वाचतो ते मुख्यतः कोर्टासाठी झालेल्या इंग्रजी भाषांतरावरून. मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा पहिला खंड १९५७ साली छापला, त्यात ते सापडते. मराठी माणसाचे मराठी लिखाण इंग्रजीतून पुन्हा मराठीत आणावे लागले. ज्याला आपण नक्कल म्हणतो तीही इथे दुसऱ्या भाषेतली.

म्हणून वारसाने अस्सल परत मागणे योग्य नव्हे का, असा प्रश्न कोणी करील. मलाही कित्येक दिवस तसेच वाटत होते. पण या प्रश्नाची दुसरी बाजू रायगडच्याच शेतात उभी आहे. सनद खोताच्या घरी होती, कुळाच्या घरी नव्हती. खाचरात चिखल तुडवणाऱ्याच्या नावाचा कागद नव्हता. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे १९३३ पासून सहा वर्षे जमीन पडीक ठेवून संप केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती, परगणा आणि कुलकर्णी वतने, वैयक्तिक इनामे एकामागून एक गेली. १९४९ ते १९५२ या चार वर्षांतल्या कायद्यांनी शतकभराच्या भांडणांचे मूळच कापले. ज्या सनदेसाठी पेणहून पुण्याला हेलपाटे घातले, तिच्यावर आता एक पायलीही वसूल होईना.

कागदाची किंमत जमिनीपुरती होती, तोवर तो एका घराचा होता. ती किंमत गेली तेव्हा त्याचे खरे वारस वाढले. खोताच्या हिशेबात कुळाचे नाव आहे. गावच्या निवाड्यात साक्षीदार म्हणून कुंभार, महार, कोळी, आगरी यांची नावे आहेत. ज्या घराने कधी कागद पाहिला नाही त्याचा पूर्वज याच रुमालात कुठेतरी ‘हाजीर’ आहे. रोह्याच्या देशमुखाच्या दप्तरावर देशमुखाच्या पणतूचा हक्क जितका, तितकाच त्याच्या कुळाच्या पणतूचाही. अस्सल एकाच घरी गेले तर दुसऱ्याने पाहायचे कुठे?

२०२३ साली हे अगदी उघड्यावर आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि तहसील कचेऱ्यांतले जुने मोडी रजिस्टर धूळ झटकून बाहेर आले. आजवर कधी दप्तराची पायरी न चढलेली माणसे पणजोबाचे नाव शोधत आली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जुन्या वतनदाराचा नातू ज्या दारात उभा राहिला होता, त्याच दारात आता कुळाचा नातू उभा होता आणि त्यालाही हवी होती सहीशिक्क्याची नक्कलच.

त्यामुळे या प्रकरणात माझा निकाल सरळ आहे. अस्सल दप्तरात राहावे आणि दप्तर उघडे राहावे. नक्कल मात्र मागेल त्याला, वेळेत आणि वाचता येईल अशा लिप्यंतरासह मिळावी. सरकारने मूठ उघडणे आणि वारसाने मूठ सोडणे, दोन्ही लागते.

पण आज अडथळा सरकारचा कमी आणि आपला जास्त आहे. १९५० च्या सुमारास शाळेतून मोडी गेली. त्यामुळे आपल्याच आजोबांची सही आपल्याला लागत नाही. पेण-रोह्याच्या कितीतरी घरांत अजून एखादा रुमाल माळ्यावर असेल, गणपतीच्या मखराशेजारी, जुन्या पितळी डब्याखाली. यंदा पावसाळा सुरू व्हायच्या आत तो खाली काढा. उन्हात धरू नका, सावलीत वाळवा, फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि अस्सल एखाद्या संशोधन मंडळात किंवा पुराभिलेखागारात देऊन पावती घ्या. विष्णुभटांचे शब्द आज आपल्याला वाचता येतात, ते कोणीतरी त्यांचे बाड वाळवीच्या आधी मंडळात पोचवले म्हणून.